रात्री आलेली फळी आणि न येणारी काच

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये शनिवारी मध्यरात्रीनंतर फोन केला तरी फुटलेलं दार फळी ठोकून बंद करायला माणूस येतो. पैसे घेतो, भरपूर घेतो, पण येतो. सोलापुरात चुलतभावाला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "फळी ठोकायलाबी कंपनी लागतंय का तिकडं?" त्या एका वाक्याशी मी मनातल्या मनात इतकं भांडलेय की शेवटी लिहायलाच बसले.

झालं असं, की मंडळाच्या हळदीकुंकवाहून आम्ही रात्री उशिरा घरी आलो आणि स्वयंपाकघरात पाय टाकताच बुटाखाली कुरकुर वाजलं. मागच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती, ती फुटली होती. ओट्यावर, गॅसखाली, कणकेच्या डब्यावर सगळीकडे खडीसाखरेसारखे काचेचे दाणे. आत मात्र कुणी आलेलं नव्हतं. इथल्या दारांना आतूनही किल्ली लागते, आणि किल्ली कुलपात ठेवू नका असं शेजारची म्हातारी आम्ही राहायला आलो तेव्हापासून बजावत होती. काच फोडून हात घालणाऱ्याला नुसता दांडा मिळाला, तो काही फिरला नाही. आता तुम्ही विचारणार, सोनं? नव्हतं घरात. दिवाळीच्या आसपास इथले पोलीस आपल्या लोकांना दरवर्षी सांगतातच, दागिने घरात ठेवू नका. आशियाई घरात सोनं असतं हे चोरांना आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त पक्कं माहीत असतं.

पोलिसांना फोन करायचा तो चोर समोर असेल तर ९९९ ला, निघून गेला असेल तर १०१ ला. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, झाडू नका, आधी फोटो काढा, हा घ्या तक्रारीचा क्रमांक. तो क्रमांक विमा कंपनीला द्यायचा. विमा कंपनी तिसराच क्रमांक देते आणि त्यावर फोन केला की फळीवाला निघतो. इतकं सगळं होईपर्यंत दारातून जानेवारीचा वारा आत येत होता आणि शालू नेसलेली मी वर नवऱ्याचं जाकीट घालून, हातात केरसुणी धरून, झाडायची परवानगी कधी मिळते याची वाट बघत उभी होते.

आता त्या फळीवाल्याबद्दल. मी त्याचं कौतुक जरा जास्तच करणार आहे, सहन करा.

तो आला, आधी बूट पुसले. (रात्री एक वाजता. काचेने भरलेल्या घरात.) मग जाड हातमोजे घालून चौकटीत अडकलेले तुकडे एकेक करून काढले, आपल्याच व्हॅक्युमने जमीन साफ केली, आणि टेप लावून माप घेतलं, वर, मध्ये आणि खाली असं तीनदा. व्हॅनमध्ये लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या १८ एमएमच्या शीट होत्या. त्यातली एक त्याने रस्त्यावरच करवत चालवून कापली. गल्लीतल्या दोन घरांत दिवे लागले, पण कुणी ओरडलं नाही.

मला वाटलं, आता चौकटीत खिळे किंवा स्क्रू मारेल. नाही. चौकट प्लास्टिकची, आतून पोकळ. स्क्रू मारला की ती कायमची भोकाची होते, मग काच बदलायची तिथे अख्खं दार बदलावं लागतं. म्हणून त्याने फळी बाहेरून लावली आणि आतल्या बाजूने, चौकटीच्या दोन्ही कडांवर टेकतील अशा दोन आडव्या लाकडी पट्ट्या घेतल्या. फळी आणि पट्टी यांच्या आरपार लांब बोल्ट घातले. बोल्टचं डोकं बाहेरून गोल गुळगुळीत, पाना किंवा पेचकस लागायला खाच नाही. आत मोठा वायसर आणि नट. नट आवळत गेला तशी फळी आणि पट्टी मिळून चौकटीला चिमट्यात पकडत गेली. चौकटीला एक भोक नाही. नंतर काच आली की नट सोडायचे, सगळं सुटून येतं.

मी बघत राहिले, कारण ही कल्पना मला नवी नव्हती. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या दाराला अजून अडसर आहे. भिंतीतल्या कोनाड्यातून ओढायचा, दाराच्या दोन्ही फळ्यांवर आडवा बसवायचा. बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. आजोबांच्या अडसराला बोल्ट नव्हते आणि बिल नव्हतं, एवढाच फरक. आणि पेठेतल्या जुन्या दुकानांना तर रोज रात्री फळ्याच लागायच्या, एकामागून एक खोबणीत सरकवायच्या, शेवटच्या फळीला कुलूप. तेव्हा फळी लावणं आपल्याला कुणी शिकवू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या बऱ्याच शहरांत दंगली झाल्या, तेव्हा इथले दुकानदार काच फुटायच्या आधीच प्लाय ठोकून घेत होते. टीव्हीवर ते बघताना मला सोलापूरची नवी पेठच आठवली. तिथे बंदची नुसती कुणकुण लागू दे, शटर अर्धं खाली आलेलं असतं, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून गिऱ्हाईक आत जातच असतं.

बिल दोनशे पौंडांच्या वर. रात्रीचा दर वेगळा, शनिवार-रविवारचा त्याहून वेगळा. विम्यात पहिली काही रक्कम आपणच भरायची असते, त्यामुळे जवळजवळ सगळं आमच्याच खिशातून गेलं. तरी त्या रात्री मला ते महाग वाटलं नाही. महाग वाटली ती काच.

फळी दीड-दोन तासांत आणि काच आठवड्यांवर आठवडे. कारण विचारलं की उत्तर तयार. ही साधी काच नाही. दोन काचा, मध्ये पट्टी, आत आर्गन वायू, कडा सीलबंद, सगळं मिळून २८ एमएम. त्यातून दारातली काच, म्हणजे नियमाने सुरक्षित काचच हवी. खिडकीतसुद्धा जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली साधी काच बसवता येत नाही, दारात १५०० पर्यंत. सुरक्षित काच म्हणजे आधी मापाला कापायची, मग ६०० अंशांच्या वर तापवायची आणि वाऱ्याच्या झोताने झटक्यात गार करायची. एकदा ती अशी कडक झाली की पुन्हा कापता येत नाही, काच कापायची हिरकणी लावलीत तर सगळीचा चुरा होतो. म्हणजे दुकानात तयार तावातून कापून देणं हा प्रकारच नाही, प्रत्येक काच कारखान्यात नव्याने जन्म घेते.

हे सगळं मला पटलं. पहिल्या आठवड्यात पटलं. मग एकदा फोन केला तर काच "बनतेय". पुढच्या वेळी "ट्रकवर चढतेय". मग आली, तर माप चुकलेलं. कुणाचं माप? त्या रात्री तीन-तीनदा टेप लावणाऱ्याचं नव्हे, नंतर दिवसाउजेडी आलेल्या, टॅबलेटवर लेझरने मोजणाऱ्या साहेबांचं. पुन्हा तापवणं, पुन्हा गार करणं, पुन्हा ट्रक. तोवर आमचं स्वयंपाकघर दिवसासुद्धा दिवा लावून. जानेवारीत इथे सूर्य आधीच चार-साडेचारला गाशा गुंडाळतो, जो काही उजेड येतो तो त्या दारातूनच यायचा. फोडणी करपली की नाही हे मी वासावरून ओळखायला लागले. नवरा म्हणाला, फळीला पांढरा रंग देऊ. मी म्हटलं, दिलास तर ती कायमची झाली म्हणून समज.

सोलापुरात काचवाला सायकलवर येतो. मागे काचा उभ्या बांधलेल्या. चौकटीतली जुनी लांबी (पुट्टी) खरवडतो, फुटपाथवर गोणपाट टाकतो, हिरकणीची एक रेघ, टक्, झाली काच. बारीक खिळे, वर लांबी, चहा, पैसे, गेला. दुपारच्या भाकरीच्या आत काम. हे मी त्या काचकंपनीच्या मुलीला फोनवर जवळजवळ सांगितलंच होतं. आता त्याच काचेचा फुटल्यावर सुरा होतो, आणि आमच्या गल्लीत बॉल काढायला गेलेल्या एका पोराच्या मनगटाला त्यापायी टाके पडले होते, हेही खरं. पण काम दुपारपर्यंत झालं होतं.

चुलतभावाचं म्हणणं वेगळंच. "ग्रील का नाही लावत?" आपल्याकडे घराची चौकट उभी राहते तेव्हाच खिडकीचे गज ठरलेले असतात, काच नंतरची. चोर येणारच असं धरूनच आपण घर बांधतो. इथे उघडी काच लावतात, चोर येणार नाही असं धरतात, आणि आला तर रात्री एकला फळी लावणारी अख्खी यंत्रणा उभी ठेवतात. मला हे सुरुवातीला वेडेपणाचं वाटायचं. मग कळलं, ग्रील न लावण्याला कारण आहे. नव्या घरात वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोलीला सहसा माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी लागते, किमान ०.३३ चौरस मीटर, कुठल्याही बाजूने ४५० मिलिमीटरच्या आत नको. आग लागली तर जिन्याच्या भरवशावर राहू नये म्हणून. आपल्या घरात आग लागली तर चोर जसा आत येत नाही तसे आपणही बाहेर जात नाही. हे चुलतभावाला सांगितलं तर म्हणाला, "आग कितीदा लागते आणि चोर कितीदा येतो?" आकड्याने उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी त्याला पाणी आलं का विचारलं.

फळीच्याच निमित्ताने आणखी एक बघितलं. आमच्या पाठच्या रांगेत एक घर रिकामं पडलंय. खिडकी फुटली, पोरं आत जायला लागली, आणि एके दिवशी सगळ्या दार-खिडक्यांवर भोकाभोकांचे पोलादी पत्रे बसले. शेजारच्या म्हातारीने माहिती पुरवली, हे कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं केलं. १९८२ च्या एका कायद्याच्या २९ व्या कलमाखाली, घर रिकामं आणि उघडं पडलं असेल तर कौन्सिल मालकाला ४८ तासांची नोटीस देऊन ते बंद करू शकतं आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकतं. घाई असेल तर नोटीसही लागत नाही. वर, इंग्लंडमध्ये रिकामं, बिनसामानाचं घर वर्षभर तसंच राहिलं तर कौन्सिल घरपट्टी दुप्पट करू शकतं. विमेवाले तर घर महिना-दोन महिने बंद राहिलं की हात आखडता घेतात.

हे ऐकताना मला साखर पेठ दिसत होती. बाबा गेल्यापासून ते घर बंद आहे. आई माझ्या सख्ख्या भावाकडे पुण्याला. मेमधल्या वळवाच्या वादळात माडीवरच्या खिडकीचं एक झडप निखळून रस्त्यावर पडलं. नशीब, खाली कुणी नव्हतं. समोरच्या पद्मशाली आक्कांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, चुलतभावाने त्याच संध्याकाळी शिडी लावून पत्रा ठोकला. "काळजी कशाला करायलीस? पत्रा ठोकलाय की!" पैसे विचारले तर रागावला. कुठल्या विम्याचा क्रमांक नाही, रात्रीचा दर नाही. मला त्याचा अभिमान वाटतो आणि मी इथे प्रत्येकाला हे सांगत असते. तो पत्रा अजून तिथेच आहे, हे सांगत नाही.

पण घर टाकून दिलंय असं जे काही लोक बोलतात त्यांना सांगते, घरपट्टी वेळच्या वेळी भरली जाते. आक्का नळ सोडून बघतात. दिवाण, कपाट, पाटा-वरवंटा जागच्या जागी आहे, म्हणजे इथल्या नियमानेसुद्धा ते बिनसामानाचं रिकामं घर ठरत नाही. नवऱ्याने यावर थंडपणे माहिती दिली, की एप्रिल २०२५ पासून सामानासकटच्या दुसऱ्या घरालाही दुप्पट लावायची मुभा कौन्सिलला आहे. असो. सोलापूर महानगरपालिका लेस्टर कौन्सिल नाही, त्याचे काही फायदे आहेत.

काच बसली शेवटी. बसवणारा पाऊण तासात गेला. सुटलेली फळी नवऱ्याने शेडमध्ये ठेवलीय, बोल्ट डब्यात घालून, लेबल लावून. दाराच्या किल्लीला भिंतीवर उंच खिळा ठोकलाय.

माडीच्या खिडकीसाठी मी चुलतभावाला वेल्डरकडून अंदाज आणायला सांगितलं होतं. ग्रील, सागवानी झडप आणि रंग धरून आकडा आलाय, आमच्या फळीवाल्याच्या एका रात्रीच्या बिलाच्या जवळपास. ग्रील बिजागरीवर उघडणारं कर, आतून कडी, असं मी सांगितलं तर तो म्हणतो, "उघडणारं ग्रील कशाला लावतात बे?" आकडा सख्ख्या भावाला पुण्याला पाठवलाय. निम्मे तो देणार की सगळे मी, हे ठरायचंय.