कानबाईच्या कॅसेटी आणि फायरवायरची वाट

अमळनेर तालुक्यातील आमच्या घरी 2003 च्या श्रावणात खानदेशातील देवी कानबाईचे रोट (नैवेद्याच्या पोळ्यांचा सण) झाले, तेव्हा काकांनी तो सगळा सोहळा मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटीच्या, कॅमेऱ्यावर टिपला होता. रोटांचे पीठ मळताना आजी अहिराणी गाणी म्हणते आहे, आणि तिचा आवाज दुसरीकडे कोठेही नोंदलेला नाही. त्या नऊ कॅसेटी विंडोज 11 असलेल्या नव्या संगणकात उतरवायला मला दोन महिने लागले. त्यातले बहुतेक दिवस चुकीच्या केबलीमागे गेले.

कॅमेऱ्याला यूएसबीचे छिद्र असल्यामुळे काम सोपे वाटते, परंतु त्या काळातील बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते कार्डावरची छायाचित्रे देण्यापुरते किंवा हलक्या दर्जाचे चित्र पाठवण्यापुरतेच असते. एका दुकानदाराने पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरींनी एक कॅसेट डीव्हीडीवर उतरवून दिली, तर आजीच्या लुगड्याचे काठ पुसट झाले. वास्तविक या फितीवर चित्र आकड्यांच्याच (डिजिटल) रूपात असते, त्या वायरींतून मात्र ते तसे जात नाही. चित्राचा प्रवाह सेकंदाला 25 मेगाबिट असतो आणि ध्वनीसह तासाची फाइल सुमारे 13 जीबी होते. हे सारे जसेच्या तसे उचलायचे असेल, तर कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेले चार पिनांचे छिद्र, म्हणजेच फायरवायर, हाच मार्ग आहे. फायरवायरचे टोक थेट यूएसबीत बसवणारी स्वस्त केबल मात्र कृपया घेऊ नका. दोन्हींचे काम करण्याचे नियम वेगळे असून नुसत्या तारेने त्यांचे रूपांतर होत नाही.

मी डेस्कटॉपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले फायरवायरचे पीसीआय-एक्सप्रेस कार्ड बसवले. तरीही कॅमेरा दिसेना. मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 च्या काळात दिलेला फायरवायरचा जुना ‘1394’ ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये शेवटी ‘लेगसी’ लिहिलेला पर्याय निवडला, तेव्हा कुठे तो ओळखला गेला. नंतर विनडीव्ही या छोट्याशा प्रोग्रॅमने फीत संगणकात उतरवण्याचे काम केले. लिनक्सवर हेच काम डीव्हीग्रॅब हा प्रोग्रॅम करतो. अॅपलने मात्र 2025 च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढून टाकले आहे, त्यामुळे कोणाकडे जुना मॅक असेल तर तो मोडीत काढण्याआधी कॅसेटी उतरवून घ्याव्यात. आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: केबलच्या संगणकाकडील सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते, ते उलटे दाबून बसवले तर कॅमेऱ्याचे छिद्र जळू शकते, म्हणून जोडणी दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच करावी.

आमच्याकडच्या वैशाखातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर वीस वर्षे राहिलेल्या फितींचा मला भरवसा नव्हता. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे आणली, मगच लावली. तिसऱ्या कॅसेटीत चित्रावर चौकोन उमटू लागले. कॅमेऱ्याचे हेड (फीत वाचणारा भाग) साफ करण्याची कॅसेट काही सेकंद फिरवल्यावर ते गेले. तासाच्या फितीला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही.

पाचवी कॅसेट चालू असताना आई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली. “हाऊ मायना आवाज शे” (हा आईचा आवाज आहे), एवढेच म्हणाली आणि फीत संपेपर्यंत तेथेच उभी राहिली. मूळ डीव्ही फाइली मी आकार न घटवता दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत. भाऊबंदांना पाठवायच्या लहान प्रती त्यांवरून निराळ्या केल्या.