रामायण मालिका: कॅलेंडर, आकडे आणि बाणाची निळी कड

‘रामायण टीव्हीवर नेमकं कधी लागायचं?’ हा विषय गोव्यातल्या घरात निघाला की तारखांचा काला ठरलेला. एकजण म्हणतो राजभाषेचं आंदोलन तापलं होतं तेव्हा, दुसरा म्हणतो छे, घटक राज्य मिळाल्यावर. वाद मिटवायला जुनं कॅलेंडर पुरतं. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चा पहिला भाग रविवारी, २५ जानेवारी १९८७ रोजी लागला. गोव्याचं राजभाषा विधेयक विधानसभेत मंजूर झालं ४ फेब्रुवारीला, बुधवारी. तोवर मालिकेचे दोनच रविवार झाले होते. ३० मे १९८७ ला, शनिवारी, गोवा घटक राज्य झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालिकेचा १९वा रविवार होता. थोडक्यात, दोघेही निम्मे बरोबर.

हेच गणित पुढे नेलं की आणखी एक समज गळून पडतो. शेवटचा भाग ३१ जुलै १९८८ चा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत दोन्ही टोकं धरून रविवार होतात ८०, आणि भाग आहेत ७८. म्हणजे मधले दोन रविवार मालिकेविना गेले. ‘एकही रविवार चुकला नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यापुढे एवढा हिशेब ठेवावा. अमुक भाग कोणत्या तारखेचा हे सात-सात दिवस मिळवून काढणारेही इथेच फसतात. सुरुवातीच्या भागांना तारीख जुळते, शेवटाकडे ती एक-दोन आठवड्यांनी सरकते.

७८ हा आकडाही आधीपासून ठरलेला नव्हता. आखणी ५२ भागांची होती, प्रेक्षकांच्या मागणीमुळे तीनदा मुदत वाढली. युद्धकांडात एकेक बाण निवांत का उडतो, याचं थोडं उत्तर मला तरी या २६ जादा भागांत दिसतं. पण हा माझा तर्क, पुरावा नव्हे. बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं, म्हणजे ‘रामायण’ संपल्यावर बरोबर नऊ आठवड्यांनी. दोन्ही मालिका एकाच वेळी चालू होत्या, ही आठवण त्यामुळे बाद.

आता विक्रमाचा आकडा. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून मालिका पुन्हा दाखवली गेली. १६ एप्रिलला ७.७ कोटी लोकांनी ती पाहिली आणि हा मनोरंजनाच्या कार्यक्रमाचा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शनने जाहीर केलं. तो आकडा आजही दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. पण २८ फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग १०.५९ कोटी लोकांनी पाहिल्याची नोंद आहे, तीही एका देशातली. त्यामुळे ‘जागतिक’ हा शब्द टिकत नाही. टाळेबंदीतल्या भारतासाठी ७.७ कोटी हा आकडा मोठाच आहे, फक्त तो मोजला कसा जातो ते माहीत असावं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची यंत्रं तेव्हा साधारण ४४ हजार घरांत होती आणि देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या आसपास. म्हणजे यंत्र असलेलं एकेक घर साडेचार हजार घरांच्या वतीने बोलत होतं. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे.

दुसरा फिरता आकडा ६५ कोटींचा. तो अनेक देशांतल्या, अनेक वर्षांतल्या प्रेक्षकांची बेरीज म्हणून सांगितला जातो. पुढे तो घसरत घसरत ‘एका रविवारी ६५ कोटी’ असा झाला. १९९१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्याच ८४.६ कोटी होती. गावात टीव्ही किती होते हे ज्यांना आठवतं, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

चित्रीकरण मुंबईच्या फिल्मसिटीत झालं असं बरेचजण धरून चालतात. मालिकेचा मुख्य तळ उंबरगावला होता, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच, गुजरातच्या समुद्रकाठी. आणि ‘सगळे नवखे कलाकार घेतले’ ही तर सरळ चूक. अरुण गोविल, दीपिका चिखलिया आणि सुनील लहरी यांना घेऊन सागर यांनी आधी ‘विक्रम और बेताल’ केलं होतं. दारासिंग १९७६ च्या ‘बजरंगबली’ चित्रपटात हनुमान झालेच होते, आणि मालिका सुरू झाली तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. रावण झालेले अरविंद त्रिवेदी गुजराती चित्रपटांतले मुरलेले नट. अयोध्येचा राजवाडा तर बराचसा आपलाच: दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर (प्रत्यक्षातही नवरा-बायको, आणि जयश्रीबाई गोव्याच्या हद्दीवरच्या पोळे गावापलीकडच्या, कारवार भागातल्या), भरत संजय जोग, वसिष्ठ सुधीर दळवी, मंथरा ललिता पवार.

सगळ्यांत जास्त दंतकथा आहेत त्या बाणांच्या आणि उडत्या हनुमानाच्या. एक तट म्हणतो कॉम्प्युटर, दुसरा म्हणतो तार. पेडण्याकडचा दशावतार आणि फोंड्याची उत्सवी नाटकं बघत वाढलेल्याला कप्पी, दोरी आणि ट्रिकसीनच आधी सुचणार, त्यात नवल नाही. पण त्या काळच्या व्हिडिओ स्टुडिओत या कामाचं रोजचं हत्यार होतं क्रोमा की.

तिची रीत अशी. कलाकार निळ्या पडद्यापुढे उभा करायचा आणि मिक्सरला, म्हणजे दोन चित्रं एकत्र करणाऱ्या यंत्राला, सांगायचं, निळं दिसेल तिथे दुसरं चित्र घाल. माणसाच्या कातडीत निळा रंग सगळ्यांत कमी असतो, म्हणून निळाच पडदा. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा हवा आणि कलाकार त्याच्यापासून दोन-तीन मीटर पुढे हवा, नाहीतर पडद्याचा निळा उजेड खांद्यांवर सांडतो आणि खांद्यांची कड खाल्ली जाते. पौराणिक मालिकेला ही रीत फारच त्रास देते. सोनेरी मुकुट आणि गदा आरशासारखी निळा पडदा दाखवतात, मिक्सर तेवढा भाग पडदाच समजतो आणि मुकुटाला भोकं पडून त्यातून ढग दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणजे पावडर मारून चकाकी घालवणे, किंवा कलाकाराला थोडं वळवून उभं करणे. निळं उपरणं तर वर्ज्यच.

केस आणि हनुमानाची लव यांच्याभोवती करवतीसारखी कड दिसते, ती कामगाराची हयगय नव्हे. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत उजेडाचा तपशील साधारण ५ मेगाहर्ट्झपर्यंत मिळतो, रंगाचा त्याच्या जेमतेम पाव. क्रोमा की रंगावरून कापली जाते, म्हणून तिची कात्री मुळातच बोथट.

उडता हनुमान त्यातल्या त्यात सोपा, चालता हनुमान कठीण. चालणाऱ्याच्या पायाखाली सावली लागते आणि कापून चिकटवलेल्या माणसाला ती नसते. म्हणून असे शॉट बहुधा गुडघ्याच्या वर कापलेले असतात, नाहीतर खाली ढग किंवा धूर सोडलेला असतो. दुसरी खूण कॅमेऱ्याची. तो जरा जरी हलला तरी माणूस हलतो आणि मागचा डोंगर जागीच राहतो, सोंग उघडं पडतं. एरवी फिरणारा कॅमेरा अचानक गप्प उभा राहिला की पुढे काहीतरी चमत्कार आहे, असं समजावं.

तिसरी खूण टेपची. दोन प्लेअरवरच्या टेपा मिक्सरमधून तिसऱ्या रेकॉर्डरवर उतरवल्या की चित्र एक पिढी खाली येतं: थोडं मऊ, थोडं दाणेदार, लाल रंग किंचित सांडलेला. धनुष्य ताणलेला चेहरा स्वच्छ असतो आणि बाण सुटायच्या अर्ध्या क्षणापूर्वी सगळं चित्र मऊ पडतं. ती जोडणीची जागा. बाणावर बाण आदळून वर ठिणगीही घातली असेल, तर आणखी एक फेरी, आणखी एक पिढी.

हे स्वतः बघायचं तर मोबाइलवरच्या ‘एचडी’ क्लिपा सोडा. त्यातल्या कित्येकांत सॉफ्टवेअरने कडा गुळगुळीत करून पुरावाच पुसलेला असतो. डीव्हीडीची फाइल संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. मुकुट आडवे पसरलेले दिसले तर ‘ए’ दाबत चित्र ४:३ वर आणा. बाण सुटायच्या दोन सेकंद आधी थांबवा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. असंच एकेक फ्रेम मागे येता येत नाही, म्हणून आधी थांबणं महत्त्वाचं.

इथे एक फसगत होते. मूळ चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, पण पुष्कळ फायली कोणीतरी ३० च्या करून ठेवलेल्या असतात. वाढीव फ्रेम भरायला शेजारच्या दोन फ्रेमी एकमेकींत मिसळतात आणि बाणाशेजारी दुसरा पुसट बाण दिसतो. लोक त्याला डबल एक्स्पोजर म्हणून बोट दाखवतात. त्याच्या आधीचा एखादा साधा शॉट घ्या, चवरी ढाळणाऱ्या दासीचा चालेल. तिच्या हातालाही थोड्या-थोड्या फ्रेमींनी तशीच पुसट जोड दिसली, तर दोष फाइलीचा. अशी फाइल टाकून २५ ची शोधावी.