भिंतीकडचा कोपरा

फूटभर उंचीचा तर डेक, त्याला कसला आलाय पाया, असं मालक म्हणाले आणि मीपण मान डोलावली, तिथेच घोळ झाला.

डेक म्हणजे अंगणातला लाकडी फळ्यांचा ओटा, १२ बाय १६ फुटांचा, घराच्या भिंतीलगत पण घराला कुठेही न जोडलेला. खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, दोन्ही कर्ण बरोबर २० फूट आले त्यामुळे मी भलताच खूश. वरची भुसभुशीत माती गवतासकट काढली, खडी टाकली, धुम्मस मारला, त्यावर सिमेंटचे बारा ब्लॉक, चार-चारच्या तीन ओळी. ट्यूब लेव्हलने सगळे एका पातळीत. फोटोबिटो काढले.

पहिला पावसाळा संपला आणि फोन आला, खुर्ची डुगडुगतेय. गेलो, खिशातला एक स्क्रू फळीवर आडवा ठेवला तर तो सावकाश गडगडत भिंतीकडे निघाला. मालक काहीच बोलले नाहीत, नुसते बघत होते. ते जास्त लागलं.

दोन फळ्या उचकटल्या, कोपऱ्यातले दोन ब्लॉक चांगले दीड इंच खचलेले, बीम त्यांच्यावर टेकलेला कसला, लोंबकळतच होता. बरोबरच्या पोऱ्याने बाजूला पहार मारली. "दादा, ही थांबतच नाहीये!" दोन फूट आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी. अंगणाच्या बाजूला तीच पहार आठ-दहा इंचांवर खणकन वाजत होती.

खणलं तर विटांचे तुकडे, सिमेंटची अख्खी गोणी, मधे पोकळ्या. घराचा पाया भरताना खड्ड्यात जे हाताला लागेल ते ढकललेलं, भराव नुसता टाकलेला, दाबलेला नाही. पाणी मुरलं की तो बसणारच, आणि वरवर कितीही धुम्मस मारा, त्याचा दाब खाली दोन फुटांपर्यंत पोचत नाही. मी ब्लॉक ठेवण्याआधी एकदा पहार मारली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

जॅक लावून बीम उचलला, घट्ट जमीन लागेपर्यंत अडीच फूट खाली गेलो, तिथून काँक्रीटचे दोन खांब वर आणले. जॅक लगेच काढला नाही, काँक्रीट आठवडाभर भिजत ठेवलं.

मग मालक म्हणाले, बाकीच्या दहा ब्लॉकांशेजारी पण मारून बघा. मारली. भिंतीकडचा अजून एक निघाला. त्याचे पैसे मी मागितले नाहीत.