गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं?

आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूच्या एका बोळात आहे. बाबा दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर एक स्टिकर चिकटवायचे. त्यावर दुकानाचं नाव, लँडलाइन नंबर आणि सर्व्हिसिंगची तारीख असायची. मशीन अडलं की बाईची नजर आधी त्या स्टिकरवर जायची. लहान धंद्याची जाहिरात कशी करावी असं कुणी विचारलं, तर मी या स्टिकरपासून सुरुवात करते. अडचण जिथे येते तिथेच आपला नंबर दिसला पाहिजे. आता अडलेली बाई पहिल्यांदा मोबाईल उचलते, म्हणून आपणही मोबाईलमध्ये असायला हवं. पण तिथे लिहायचं काय? याचं उत्तर मला आमच्या फोनशेजारच्या वहीत मिळालं.

त्या वहीत बाबा आलेला प्रत्येक फोन टिपून ठेवत. ‘उषा, पायमशीन, टाका सुटतो.’ ‘मेरिट, खाली गुंता.’ ‘जुकी, तेल गळतं.’ दुकानाचं ऑनलाइन काम हातात घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी ही वही वाचून काढली. वर्षानुवर्षं फोनवर तेच तेच प्रश्न येत होते. घरी येऊन करता का? साधारण खर्च किती? गाडी कुठे लावायची? दुपारी उघडं असतं का? आजीच्या जुन्या मशीनला मोटर बसेल का? आज गूगलवर, व्हॉट्सॲपवर आमचं जे काही आहे, ती या प्रश्नांची उत्तरं आहेत. सणाच्या शुभेच्छांची रंगीत चित्रं मी करत नाही. त्यातून कुणाचंच मशीन चालू होत नाही.

गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, पण ती नीट भरायला बसावं लागतं. ‘दुकान’ एवढंच न लिहिता मुख्य प्रकार ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असा नेमका निवडायचा. कुणी आपला प्रकार शोधला, तर गूगल तीन गोष्टी बघतं : त्याला हवं ते आपण करतो का, तो आपल्यापासून किती लांब आहे आणि आपलं नाव किती माहितीचं आहे. लांबी आपल्या हातात नाही, पण पहिली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे. मला एकाने सुचवलं होतं, की दुकानाच्या नावातच ‘पुण्यातील सर्वोत्तम मशीन रिपेअर’ घालून टाका. तसं करू नका. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे लिहायचं असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडला तर नोंदच बंद पडू शकते.

वेळा खऱ्या लिहा, हे मी अगदी कळकळीने सांगते. आम्ही दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतो. गूगलवर एकाच दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा टाकता येतात, तशा आम्ही टाकल्या आहेत. सणासुदीच्या वेळा वेगळ्या भरता येतात. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळे लक्ष्मी रस्ता बंद असतो, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, तेव्हा दोन्ही दिवसांची सुट्टी आम्ही आधीच टाकून ठेवतो. धायरीहून बसने लोखंडी मशीन घेऊन आलेल्या बाईला बंद शटर दिसलं, तर तिचा अख्खा दिवस वाया जातो. ती पुन्हा येणार नाही हे नुकसान आपलं आहेच, पण त्या दिवशी तिचे ब्लाउज राहिले, हे मला जास्त लागतं.

पत्त्याचंही तसंच. आमच्या बोळात चारचाकी येत नाही. म्हणून आम्ही लिहिलं आहे : गाडी मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळावर लावा, फक्त मशीनचं हेड, म्हणजे वरचा शिवायचा भाग, आणा, टेबल आणि पाय घरीच राहू द्या. 29 सप्टेंबर 2024 पासून मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झालं, तेव्हा तिथून चालत कसं यायचं तेही लिहिलं. आतल्या कपाटांच्या फोटोंपेक्षा बोळाच्या तोंडाचा फोटो आधी टाकला. नकाशावरची खूण दुकानाच्या दारावरच आहे ना, हे स्वतः चालत जाऊन तपासा. पेठेत चार घरांचा फरक म्हणजे दुसरा बोळ.

व्हॉट्सॲप बिझनेस घेताना मी नवा मोबाईल नंबर घेतला नाही. लँडलाइनवरही ते सुरू होतं, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. जुन्या स्टिकरवरचा नंबर त्यामुळे तसाच जिवंत राहिला. ‘पार्ट मागवला’, ‘तयार’ अशी लेबलं लावली की कुणाचं मशीन कुठे अडलंय ते लगेच कळतं. एक लक्षात ठेवा : एकगठ्ठा पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून मशीन परत देताना मी आवर्जून सांगते, ‘ताई, नंबर सेव्ह करा हं.’

आता ज्यावरून घरात वाद झाला ते सांगते. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार होती ‘खाली गुंता होतो’. गुंता खाली दिसतो म्हणून बायका बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाच्या, मागे लागतात, बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात. पण बहुतेक वेळा दोष वरच्या धाग्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, मग सैल धागा खाली ओढला जातो आणि त्याचा गोळा होतो. सुईखाली कापड दाबून धरणारी दाब पट्टी वर उचलायची म्हणजे चकत्या सैल होतात, धागा पुन्हा ओवायचा, मग पट्टी खाली. एवढ्यानं बऱ्याचदा काम होतं. टाका सुटत असेल तर आधी सुई बदलून बघायची, आणि तिची सपाट बाजू योग्य दिशेला आहे ना ते पाहायचं. हे मी बाबांच्या हातांचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायचं ठरवलं. भाऊ म्हणाला, ‘अगं, हे फुकट सांगितलंस तर दुकानात येणार कोण?’

बाबांनी त्याला उत्तर दिलं नाही, सरळ मशीन पुढे ओढून बसले. त्यांना आयुष्यभर हेच वाटत आलंय, की धागा ओवायचे पैसे घ्यायचे नसतात. आणि धंद्याच्या अंगाने बघितलं तरी ते बरोबर आहे. ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंचा गुंता तो व्हिडिओ बघून सुटला. त्यांनी फोन करून तसं सांगितलं आणि पुढे त्यांच्या बचत गटातली सगळी मशीनं सर्व्हिसिंगला आमच्याकडे आली. खालचं शटल झिजलं, सुई आणि शटलचा मेळ म्हणजे टायमिंग हललं, की कारागीरच लागतो, आणि तेव्हा ज्याने आधी खरं सांगितलं त्याच्याकडे माणूस जातो. व्हिडिओत संगीत नाही, बाबांचा आवाज आहे, मागे आळीतल्या हातगाड्यांचा गोंगाट आहे. तो मी काढून टाकला नाही.

इन्स्टाग्राम आमच्या धंद्याला फारसं लागलं नाही. शेजारच्या लेस-बटणवाल्या काकांना मात्र त्याचा चांगला उपयोग होतो, कारण त्यांचा माल बघून घ्यायचा असतो.

रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही. मी मशीन चालवून दाखवल्यावर एवढंच म्हणते, ‘काय बिघडलं होतं आणि काय केलं, ते दोन ओळीत लिहा.’ लोक मग ‘छान सेवा’ न लिहिता ‘जुन्या पायमशीनला मोटर बसवली’ असं लिहितात, आणि तशीच मोटर बसवायची असलेली पुढची बाई ते वाचून फोन करते.

आणि ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमची नोंद जाईल’ असे फोन येतात. नोंदीला पैसे पडत नाहीत. लेसवाल्या काकांना असाच फोन आला तेव्हा मी तो ठेवायला लावला. आता या शनिवारी दुपारी, दुकानं बंद असताना, आम्ही दोघं बसून त्यांच्या वेळा आणि नकाशावरची खूण नीट करणार आहोत.