मार्चमधली कुंडलिका, कयाकमधून

शिमगा झाल्यावरच्या शनिवारी आम्ही चौघं मुलुंडहून पहाटे चारला निघालो, पेणच्या पुढे उजाडलं, पळस नुसता पेटलेला आणि पुलांखाली मात्र धोंडेच धोंडे, पाण्याचा टिपूस नाही. कोलाडहून भिऱ्याच्या रस्त्याला लागलो तर कुंडलिका नदीपण तशीच, जेमतेम घोटाभर.

काठावर वाट बघत बसलो. साडेआठच्या सुमारास खळखळ वाढली आणि बघता बघता मघाचे धोंडे दिसेनासे झाले. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात (हे १९२७ चं) टर्बाइन फिरवून इकडे सोडतात, म्हणून ऐन उन्हाळ्यात ही नदी वाहते. मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, आता ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. सेनापती बापटांचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. आपल्या मुंबईतले दिवे पेटावेत म्हणून मावळातली गावं बुडाली, आणि त्याच पाण्यावर मी कयाक (छोटी अरुंद होडी) घालत होतो, हे वल्हवताना सारखं मनात येत होतं.

राफ्टिंगचा पट्टा साधारण १२ किलोमीटरचा, रॅपिड (खळाळत्या धारा) ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे मध्यम. पहिल्याच मोठ्या लाटेत माझी कयाक आडवी झाली आणि मी पाण्यात, लाइफ जॅकेटचं बकल ढिलं होतं त्यामुळे जॅकेट सरळ कानापर्यंत आलं, नाकातोंडात पाणी, खरंच घाबरलो. त्यामुळे जाणाऱ्यांनो, कॅम्पवाल्याने दिलेलं जॅकेट खांद्याला धरून कुणालातरी वर ओढायला सांगा, हललं तर बदलून मागा, लाजू नका. पडलात तर उताणे तरंगा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने, धारेत उभं राहायचं अजिबात नाही, दगडाच्या फटीत पाय अडकला की पाणी तुम्हाला खाली दाबतं. काठाच्या झुकलेल्या झाडांपासून लांबच, पाणी फांद्यांतून निघून जातं पण माणूस तिथेच अडकतो.

पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटतं, तेव्हा आदल्या रात्री कॅम्पवाल्याला फोन करून वेळ विचारा. चपला नकोत, पट्ट्याचे किंवा लेसचे बूट घाला, चष्म्याला दोरी बांधा. गाडी नसेल तर दिवा-रोहा मेमू आणि पुढे रिक्षा. आणि नदी उथळ दिसली म्हणून मुलांना पात्रात खेळायला सोडू नका, पाणी कधी वाढेल ते काठावरून कळत नाही.