'पूर 2019' उघडला की पीसी बसतो

आमच्या गल्लीतले काका घर पाडून नवीन बांधतायत. पुरात बुडणारा नदीकाठचा गावभाग म्हटल्यावर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पहिला प्रश्न प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, किती उंच घ्यायची. इंजिनिअर एक सांगतो, गवंडी दुसरंच, आणि काकांचा दोघांवरही विश्वास नाही. त्यामुळं रविवारी सकाळी चहाच्या वेळेला आले आणि म्हणाले, "तुझ्याकडं व्हिडिओ होता की रे, पाणी उतरल्यावर तू दाराचा काढलेलास, रेघ कुठवर होती नेमकी ते बघून सांग." 2019 च्या ऑगस्टमधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेलती, धोक्याची पातळी 45, हे सगळ्यांना पाठ आहे, पण आपल्या उंबऱ्यापासनं किती ते कुणाला नक्की आठवत नाही. भिंती तर दिवाळीच्या आत रंगवून टाकल्या सगळ्यांनी.

म्हटलं दोन मिनिटात दाखवतो, बसा.

डी ड्राइव्ह उघडला, 'पूर 2019' वर डबल क्लिक केलं आणि झालं कल्याण. खिडकी पांढरी, वर ॲड्रेस बारमध्ये ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकतीय, टायटलमध्ये 'नॉट रिस्पॉन्डिंग', थोड्या वेळानं खालचा टास्कबार पण गेला कामातनं. टास्कबार का जातो तर तो आणि डेस्कटॉप हे दोन्ही एक्सप्लोररच, म्हणजे फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रामच, चालवतो, एकच प्रोसेस, फोल्डर अडकला की सगळं घर अडकतं. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढला, 'विंडोज एक्सप्लोरर' वर राइट क्लिक, रिस्टार्ट. परत उघडला, परत तेच. काका दोन कप चहा पिऊन गेले.

खरं सांगायचं तर हा फोल्डर वर्षभर तरी असाच वागत होता, मी उघडतच नव्हतो म्हणून चाललेलं. मागं एकदा पीसी दुकानात नेलेला तेव्हा सांगितलं होतं हे, तिथल्या पोरानं डबा न उघडताच निकाल दिला, "विंडोज करप्ट झालंय, फॉर्मॅट मारायला लागंल, आणि टेनचा सपोर्ट पण संपला आता." सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरंय, पण म्हणून एकच फोल्डर का अडकंल? बाकीचा सगळा पीसी पळतोय की! माझं डोकं तिथंच अडकलं आणि दुपारी जेवण झाल्यावर भडंगाची वाटी घेऊन बसलो.

पहिली भीती हार्ड डिस्कची. डिस्क मरायला लागली की असंच होतं, ठराविक फाइलवर हात लावला की वाचायला परत परत प्रयत्न करत बसते. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टल डिस्क इन्फो टाकून बघितलं, रिॲलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, म्हणजे खराब जागा नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, जिथं विंडोज आपल्या चुका नोंदवून ठेवतं, सिस्टीम लॉग बघितला, डिस्कच्या नावानं 7 नंबर आला की बॅड ब्लॉक, तसलं काही नव्हतं. तरी पण आधी सगळा फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवला, कारण पुरात एकदा सगळं वाहून जायची वेळ आलेली माणसं आम्ही, बॅकअपवर आमचा फार जीव. आणि ही कॉपी एक्सप्लोररनं नाही हं, काळ्या खिडकीतनं केली, कमांड प्रॉम्प्टमधनं, एका फाइलवर पण अडकली नाही.

त्याच काळ्या खिडकीत मग खरी गंमत कळली. फोल्डरमध्ये जाऊन नुसतं 'डीआयआर' टाइप केलं आणि एंटर मारलं तर 1143 फाइलींची यादी सर्रकन खाली, पापणी लवायच्या आत. म्हणजे फोल्डर ठणठणीत! डीआयआर फक्त नावं, साइज आणि तारखा वाचतं, फाइलच्या आत डोकावत नाही. एक्सप्लोररला मात्र खोड, प्रत्येक फाइल उघडून बघायची, फोटो असला तर छोटं चित्र बनवायचं, व्हिडिओ असला तर किती मिनिटांचा ते शोधायचं, त्यातली एक फ्रेम काढायची. पाहुणा दारात आल्यावर त्याला पाणी द्यायच्या आधी कुळी विचारणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. आता शोधायचं ते एवढंच की कुठल्या फाइलपाशी हा म्हातारा अडकतोय.

आधी सोपं करून बघितलं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ नावाचा टॅब असतो, तिथं 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' मध्ये 'पिक्चर्स' होतं ते 'जनरल आयटम्स' केलं. ह्यानं फोटो कधी काढला, व्हिडिओची लांबी किती असले कॉलम जातात आणि मोठा फोल्डर लवकर उघडतो. माझा पावत्यांचा एक फोल्डर होता, हजारभर पीडीएफचा, तो ह्यानं एकदम सुधारला. पण पूर तसाच. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबला जाऊन 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' ला टिक केली, आणि अहो, उघडला की! एका झटक्यात. नुसत्या आयकॉनच्या रांगा, पण उघडला. टिक काढली की परत पांढरा.

म्हणजे थंबनेलच, ती छोटी चित्रं. डिस्क क्लीनअपमधनं थंबनेलचा जुना साठा पण उडवून बघितला, काही फरक नाही, उलट सगळी चित्रं परत बनवायला लागली म्हणून अजून हळू.

मग आमच्या आईची गहू निवडायची पद्धत, ढीग अर्धा करायचा. 86 व्हिडिओ होते, ते काळ्या खिडकीतनंच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. उरलेले फोटो लगेच उघडले, म्हणजे फोटो निर्दोष. 86 चे 43-43 केले. हिशोबानं एक ढीग उघडायला पाहिजे आणि एक अडकायला पाहिजे. दोन्ही अडकले. इथं मी अर्धा तास वाया घालवला, म्हटलं पद्धतच चुकली आपली, परत सुरवातीपासनं सेटिंग तपासत बसलो, आणि नंतर ट्यूब पेटली की अरे, दोषी दोन आहेत, प्रत्येक ढिगात एकेक. मग 43 चे 22, 22 चे 11, असं करत दहा-बारा वेळा एक्सप्लोरर मारत आणि जिवंत करत दोघं सापडले.

एक होता पेनड्राइव्हवरनं घेतलेला, मधेच उपटलेला असणार, कारण साइज बरोबर दाखवत होता पण आत बघितलं तर अर्ध्यातनं पुढं नुसती शून्यं. तो कुणाच्या तरी नावेचा व्हिडिओ, गेला तर गेला.

दुसरा माझ्याच मोबाइलचा, एमपीफोर, 210 एमबी, आणि तारीख बघून लक्षात आलं की काका विचारत होते तो हाच. काढताना बॅटरी संपून फोन बंद पडलेला. लाइट कुठं होती तेव्हा. एमपीफोरचं असं असतं की मोबाइल चित्र आणि आवाज लिहीत जातो, आणि कुठली फ्रेम कुठं आहे ह्याची अनुक्रमणिका अगदी शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहितो, 'मूव' म्हणतात त्या भागाला. फोन मधेच मेला की पुस्तक आहे पण अनुक्रमणिका नाही. कुठलाही व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी प्लेअर पण हात वर करतो.

पण चालत नाही हे ठीक, अडकायचं कारण काय? तुटकी फाइल असली तर विंडोजनं साधा आयकॉन दाखवून पुढं जायला पाहिजे. ह्याचं उत्तर शेल एक्स व्ह्यू नावाच्या छोट्या फुकट टूलमध्ये मिळालं. एक्सप्लोररला बाहेरच्या सॉफ्टवेअरनं काय काय चिकटवलंय ह्याची यादी त्यात दिसते, मायक्रोसॉफ्टची नसलेली गुलाबी रंगात. माझ्यात चांगल्या सात-आठ गुलाबी ओळी, त्यात एक थंबनेल हँडलर, म्हणजे थंबनेल बनवून देणारा तुकडा, मी कधीतरी जुने पिक्चर चालावेत म्हणून टाकलेल्या कोडेक पॅकचा. विंडोज अशी कामं शक्यतो वेगळ्या प्रोसेसमध्ये ढकलतं, टास्क मॅनेजरमध्ये 'कॉम सरोगेट' दिसतं ते हेच, म्हणजे तिकडं मेलं तरी इकडं जिवंत. पण काही हँडलर थेट एक्सप्लोररच्या आतच चालतात आणि जाताना त्याला घेऊन जातात. ती ओळ डिसेबल केली, एक्सप्लोरर रिस्टार्ट केला, दोन्ही व्हिडिओ परत जागेवर टाकले. फोल्डर उघडला. त्या दोघांना नुसता आयकॉन, बाकी सगळी चित्रं. फॉर्मॅट मारून पण हेच झालं असतं म्हणा, कोडेक पॅक गेला असता ना, आणि त्या पोरानं आपली पाठ थोपटून घेतली असती.

व्हिडिओचं म्हणाल तर अनट्रंक म्हणून एक प्रोग्राम आहे, त्याला तुटकी फाइल आणि त्याच मोबाइलनं काढलेली एक चांगली फाइल अशा दोन्ही द्यायच्या, चांगलीवरनं अंदाज घेऊन तो अनुक्रमणिका परत बांधतो. चांगल्या फाइली माझ्याकडं ढिगानं. आवाज जरा मागं-पुढं झाला, पण चित्र आलं.

संध्याकाळी काकांना बोलावलं. उंबऱ्यावर घोट्याएवढा गाळ, मी कॅमेरा वर नेतोय, भिंतीवर ती मातकट रेघ, मीटरच्या पेटीच्या खाली चार बोटं, आणि मागनं आईचा आवाज, "चप्पल घालून आत येऊ नगंस." घरात सगळा चिखल आणि हिचं चप्पल! काकांनी दोनदा बघितलं, मग उठून खिशातनं टेप काढली आणि बाहेर गेले, मीटरची पेटी अजून त्याच जागेला आहे. पायरीपासनं मोजलं. सहा फूट दोन इंच.

टेप सर्रकन आत सोडली आणि म्हणाले, "मग प्लिंथ कसली घ्यायची, खाली पार्किंगच सोडतो."