धुऱ्याचं भांडण विहारात मिटवताना

पेरणी तोंडावर आली की धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं निघतातच. भिक्षूंचे वाद मिटवायला विनयपिटकात (बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात) सात पद्धती दिल्यात; त्यातली पहिली, संमुखविनय, म्हणजे समोरासमोर निवाडा, गावात सरळ लागू पडते. दोन्ही पक्ष हजर नसतील तर विषयच काढायचा नाही. सातबारा आणि मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) समोर हवी. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही (सगळ्यात अवघड हेच!). शलाका (मतासाठीच्या काड्या) वाटून बहुमत घेण्याचीही पद्धत आहे, पण भावकीत मतदान म्हणजे तट पडलेच. दोघांचंही चुकलं असेल तर उणीदुणी गवताने झाकावीत तशी मिटवायची, हे 'तिणवत्थारक' त्यापेक्षा बरं. मात्र सरकवलेला हद्दीचा दगड आधी जागेवर लावा. नाहीतर पहिल्याच वखरणीला पुन्हा काठ्या निघतात.